टकटकरावांना घर आवडतं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. काकूंचं मत असं, की ही म्हण काढणाऱ्याचं लग्न घरं तपासणाऱ्या माणसाशी झालेलं नसणार. झालं असतं तर बिचाऱ्याला म्हणी काढायला त्राण उरलं नसतं.

काकूंचं मात्र तसंच झालं होतं. त्यांच्या नवऱ्याला सगळी गल्ली टकटकराव म्हणायची, आणि पुढे पुढे तर अनोळखी लोकही फोनवर बिनदिक्कत "टकटकराव आहेत का?" असंच विचारायला लागले. जुनं घर विकत घेण्याआधी ज्यांना शहाणपण सुचायचं, ते टकटकरावांना बोलवायचे. मग टकटकराव पिशवीतून उतार दाखवणारी पाणसळ, ओळंबा, बॅटरी आणि ओल मोजायचं यंत्र काढून छपरापासून गटारापर्यंत सगळं घर पालथं घालायचे. पण ही हत्यारं नंतरची. पहिलं हत्यार म्हणजे त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट. ते दुमडून भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा, की भिंत त्यांना सांगायची. सांगायची म्हणजे काय, भरीव आहे की पोकळ, गिलावा धरून आहे की सुटलाय, एवढंच. पण ऐकताना टकटकरावांचा चेहरा असा व्हायचा, की भिंतीने त्या घरातली सगळी भांडणं ओकून टाकली असं बघणाऱ्याला वाटावं.

वाईट खोड. ती कामापुरती थोडीच राहते! काकूंच्या धाकट्या बहिणीने नवं घर घेतलं आणि मोठ्या हौसेने दोघांना जेवायला बोलावलं. टकटकराव हात धुवायला म्हणून आत गेले, ते बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि खुर्चीवर टेकता टेकता म्हणाले, "तुमच्या बाथरूमचा उतार उलटा आहे हं. पाणी दाराकडे येतंय." बहिणीच्या हातातला डाव हातातच राहिला. तेव्हापासून ती काकूंना भेटते ती बाहेरच, बागेत नाहीतर दुकानात.

कामात मात्र त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी दोन नियम ऐकवायचे. काकूंनी ते आतल्या खोलीतून इतक्यांदा ऐकले होते, की विणता विणता त्यांच्या सुया त्या तालावर चालायच्या.

"एक म्हणजे, ज्याचं मन घरावर बसलं, त्याने ते घर तपासू नये. प्रेमात पडलेल्या माणसाला भिंत दिसत नाही, भिंतीवरचं ऊन तेवढं दिसतं. आणि दुसरं, घर घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही. काय आहे ते मी सांगेन. ठरवायचं तुम्ही."

लोक पहिल्या नियमाला हसायचे. एका तरुण जोडप्याने तर कमालच केली होती. त्यांना एक घर इतकं आवडलं, की टकटकराव यायच्या आधी त्यांनी घरमालकाच्या मदतीने एक कपाट ओढून भिंतीतल्या भेगेसमोर उभं केलं. म्हणजे स्वतःच बोलावलेल्या तपासनिसापासून स्वतःच भेग लपवली! टकटकरावांनी कपाट सरकवलं तेव्हा ती मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ती भेग नसती तर आम्ही घर घेतलं असतं हो!" टकटकराव आठवडाभर येईल-जाईल त्याला हे सांगून हसत होते. काकूही हसल्या होत्या.

आता एवढं शहाणपण ज्या घरात, ते घर कुणाचं? तर भाड्याचं. काकूंच्या संसाराची सगळी वर्षं भाड्याच्या घरांत गेली. घरं बघितली नाहीत असं नाही. बघितली, पुष्कळ बघितली. पण गिऱ्हाइकासाठी असलेला तो दुसरा नियम टकटकराव काकूंच्या बाबतीत साफ विसरायचे. एका घराच्या तुळईला वाळवी, दुसऱ्याच्या विहिरीसारख्या टाकीला झिरप, तिसरं ठणठणीत, तर शेजारच्या झाडाची मुळं अजून पंधरा-वीस वर्षांनी घराच्या पायात शिरतील म्हणून नको. "नको" म्हणाले की विषय संपला. पुढे पुढे काकू चपला काढेनाशाच झाल्या. त्या दारातच उभ्या राहायच्या, आतून टकटक ऐकू यायची, मग टकटक थांबायची, आणि काकू पर्स खांद्याला लावून फाटकाकडे वळायच्या.

प्रत्येक घरमालकाची एक अट मात्र सारखीच असायची. भिंतीला खिळा मारायचा नाही. लग्न झालं त्या वर्षी काकूंनी लोकरीचं एक मोठं चित्र विणलं होतं. निळं पाणी आणि त्यावर लाल शिडाचं गलबत. हौसेने विणलेलं, त्यामुळे चांगलंच जड झालेलं. ते साध्या हुकावर राहणारं नव्हतं, त्याला भक्कम खिळा हवा होता. म्हणून ते गलबत ट्रंकेत राहिलं, आणि ट्रंक या घरातून त्या घरात गेली. काकूंना बंगला नको होता, बाग नको होती. स्वतःच्या भिंतीत, कुणाला न विचारता, एक खिळा मारायचा होता. हसायचं तर हसा. पण ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या भिंतींना जपलं, त्याला विचारा.

अशात एक दिवस घरमालक आले. त्यांचा मुलगा परदेशातून परत येत होता, घर रिकामं करून हवं होतं. टकटकराव म्हणाले, "बघू दुसरं भाड्याने." काकूंनी फक्त ट्रंक पलंगाखालून ओढून खोलीच्या मधोमध आणून ठेवली आणि चार दिवस तिथेच राहू दिली. टकटकरावांच्या नडग्या दोनदा तिच्यावर आपटल्यावर ते म्हणाले, "बरं बाई. घेऊ. बघू विकतचं."

ते घर एका शांत रस्त्याच्या टोकाला होतं. मालक म्हणजे एक म्हातारे सुतार, हात मोठे आणि आवाज बारीक. बायको गेली, मुलगी दूर, आता एकट्याला घर झेपत नाही, म्हणून ते मुलीकडे चालले होते. काकू सवयीप्रमाणे दारात थांबल्या. आतून टकटक सुरू झाली. पुढची खोली, स्वयंपाकघर, वरच्या दोन खोल्या. मग टकटक थांबली आणि काकूंनी पर्स खांद्याला लावली.

पण कुणी "नको" म्हणालं नाही. उलट आतून टकटकरावांची हाक आली, "अगं, आत ये! हे बघ तरी!" या आवाजात त्यांनी काकूंना शेवटची हाक कधी मारली होती, ते काकूंना आठवेना. चपला काढून त्या आत गेल्या.

घराच्या मागे सुतारबाबांनी काम सोडल्यावर स्वतःच्या हाताने एक खोली बांधली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी कामटेबल, वर हत्यारांसाठी खाचा, मोठी खिडकी, आणि भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत गुळगुळीत फळ्यांचं अस्तर. टकटकराव टेबलावर हात फिरवत उभे होते. त्यांची हत्यारं जन्मभर पिशवीत आणि पिशवी जन्मभर दाराच्या मागे. खाचांकडे ते असे बघत होते, की त्यातल्या प्रत्येक खाचेत कोण बसणार हे त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं.

"सांधे बघ या फळ्यांचे! केस जाणार नाही मधून!" ते म्हणाले. "आणि किती गार आहे इथे! बाहेर एवढं ऊन, आणि इथे बघ."

"उन्हाळ्यात मी इथेच झोपतो," सुतारबाबा खूश होऊन म्हणाले.

दोघा म्हाताऱ्यांचं जमलं. चहा झाला. रंधा कुठला चांगला यावर चर्चा झाली. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि नेहमीसारखं विणकाम काढलं. तेवढ्यात मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली पडला. पडला तो पडला, चालायला लागला. कुणी हात लावला नाही, वारा नाही, पण गुंडा सगळी खोली ओलांडून सावकाश पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि फळ्यांना टेकून थांबला.

टकटकरावांनी तो बघितला. काकूंनी नीट पाहिलं, त्यांनी बघितलाच. गिऱ्हाइकाचं घर असतं तर एव्हाना पाणसळ जमिनीवर असती आणि टकटकराव पोटावर आडवे झालेले असते. पण ते वाकले, गुंडा उचलून काकूंच्या हातात दिला आणि हसत म्हणाले, "घराला तू आवडलेली दिसतेस. खोड्या काढतंय तुझ्या."

आणि पुन्हा टेबलाकडे वळले. या खोलीत आल्यापासून त्यांनी एकदाही टकटक केलेली नव्हती.

घरी परत येताना टकटकराव शीळ घालत होते. काकू हातातला गुंडा उलटसुलट फिरवत होत्या. एवढी वर्षं जेवताना भिंती, मोऱ्या आणि पाये ऐकल्यावर त्यांना काय कळत नव्हतं? भिंतीला फळ्या दिसल्या की आधी विचारायचं, मागे काय झाकलंय. खोली उगाच गार लागली की आधी विचारायचं, ओल कुठून येते. हे सगळं त्यांना टकटकरावांनीच सांगितलं होतं, कधी आमटी वाढताना, कधी दिवा मालवताना. आणि आता टकटकराव शीळ घालत होते.

बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. बोललं, तर नवरा पुन्हा जाऊन बघणार, आणि एकदा बघितलं की "नको" ठरलेलं. घर गेलं, खिळा गेला, गलबत पुन्हा ट्रंकेत. न बोललं, तर आयुष्यात पहिल्यांदा "हो" म्हणालेला माणूस आपल्या मुठीत होता. काकूंनी दोन दिवस काही सांगितलं नाही. दोन दिवस मनाशी म्हणत राहिल्या, एवढासा गुंडा, त्याचं काय घेऊन बसायचं? लोकरच ती, घरंगळायचीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी विणताना त्यांना ते कपाट आठवलं. त्या तरुण जोडप्याने भेगेसमोर उभं केलेलं. काकूंच्या सुया थांबल्या. आपण तरी दुसरं काय करतोय, त्यांच्या मनात आलं. त्या पोरांनी कपाट लावलं, आपण तोंड मिटलं. त्यांना स्वतःचा राग आला, मग हसू आलं, आणि मग खरंच थोडं रडूही आलं, कारण ते घर त्यांना फार आवडलं होतं.

संध्याकाळी टकटकराव चहा घेऊन बसल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, ते घर कुणाकडून तरी तपासून घेऊ या."

टकटकरावांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाशी बोलतेय की काय म्हणून. "कुणाकडून तरी? मग मी कोण?"

"तुम्ही गिऱ्हाईक."

"अगं, निम्मं गाव माझ्याकडून घरं तपासून घेतं! आणि माझं घर मी दुसऱ्याकडून तपासून घेऊ? लोक काय म्हणतील?"

"न्हावी स्वतःची हजामत स्वतः करतो का?"

टकटकरावांनी कप खाली ठेवला. त्यांना न्हाव्याचा राग आला असावा. "त्या घरात काही दोष नाही," ते म्हणाले. "डोळे मिटून सांगतो."

"तेच तर म्हणतेय मी. डोळे मिटून बघितलंत."

मग काकूंनी पहिला नियम त्यांना त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवला. प्रेमात पडलेल्या माणसाला भिंत दिसत नाही, वगैरे. टकटकरावांचा चहा निवून गेला. शेवटी ते म्हणाले, "आणि बोलावणार कुणाला? या कामात माझ्या तोडीचं आहे कोण?"

"शंकाबाई," काकू म्हणाल्या.

शंकाबाई ही टकटकरावांच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण ती कशावरच विश्वास ठेवायची नाही, आणि या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. पुढे तिने स्वतःचं काम सुरू केलं. टकटकराव तोंडाने "बरं झालं, मोठी झाली" म्हणाले आणि नंतर तिला एकदाही फोन केला नाही. तिचं नाव ऐकून ते उठून खिडकीशी गेले, चौकटीवर टकटक केली, परत आले आणि म्हणाले, "बोलाव. मीही येणार. मी शिकवलेलं किती लक्षात आहे, ते तरी कळेल."

ठरलेल्या सकाळी शंकाबाई आली. खांद्याला पिशवी, पायात जाड बूट. टकटकरावांना वाकून नमस्कार केला, काकूंकडे बघून हसली आणि कामाला लागली. टकटकराव तिच्या मागोमाग परीक्षकासारखे. ती शिडीवर चढली की ते खालून सांगत, "डावीकडे बघ. डावीकडे!" ती नळ सोडून उभी राहिली की ते घड्याळ बघत. शेवटी वरच्या मजल्यावर ती वळली आणि म्हणाली, "सर, गिऱ्हाइकाने तपासणीच्या वेळी मधे बोलायचं नाही. बोलायचं असेल तर अंगणात बसायचं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

टकटकराव खाली येऊन अंगणातल्या बाकावर बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे कधीतरी असं समोर येऊन बसतं. सुतारबाबांनी त्यांना चहा आणून दिला आणि शेजारी टेकले. दोघंही दाराकडे बघत राहिले, दवाखान्याच्या बाहेर बसल्यासारखे. काकू मात्र शंकाबाईबरोबर आतच होत्या. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही, कारण त्या काहीच बोलत नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती.

घर चांगलं होतं. छप्पर कोरडं, तुळया ठणठणीत, तारा नव्या, मोरीचा उतार हवा तिकडे. प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना शंकाबाई मान हलवायची आणि काकूंचा जीव थोडा खाली यायचा. मग त्या मागच्या खोलीत आल्या. काकूंनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला, काही न बोलता जमिनीवर ठेवला आणि सोडला. गुंडा त्याच वाटेने त्याच भिंतीला जाऊन टेकला.

शंकाबाईने गुंड्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "काकू, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"मला काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "तू बघ."

ती पोटावर आडवी झाली. पाणसळ लावली. ओल मोजायच्या यंत्राचं टोक फळ्यांच्या फटीत घातलं, तर ते किंचाळायला लागलं. बाहेर जाऊन ती घराला वळसा घालून आली, आणि येताना दोघा म्हाताऱ्यांना घेऊन आली. "बाबा," ती सुतारबाबांना म्हणाली, "या फळ्या एका ठिकाणी काढून बघाव्या लागतील. तुमची हरकत नसेल तर."

"माझ्या फळ्या मीच काढतो," सुतारबाबा म्हणाले. पेचकस आणून ते गुडघ्यावर बसले आणि एकेक स्क्रू अलगद सोडवला. फळी बाजूला झाली. मागे भिंत काळी पडली होती, गिलाव्याचे पोपडे सुटले होते, आणि जिथे ही खोली मूळ घराला टेकत होती तिथे फळीच्या कडेखालून सुरू होऊन जमिनीपर्यंत बोट जाईल एवढी भेग होती.

सुतारबाबांनी भेगेत खरंच बोट घालून पाहिलं. "मी फळ्या लावल्या तेव्हा हे नव्हतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज आणखी बारीक झाला होता. "आईशपथ नव्हतं. भिंत जरा ओलसर होती, वाईट दिसायची, म्हणून झाकली."

"बाबा, इथे आधी काय होतं?"

"खड्डा होता. मी माती टाकून बुजवला आणि वर खोली बांधली."

शंकाबाईने समजावून सांगितलं. खोली भरावावर उभी होती. त्यात छपराचं सगळं पाणी एका पन्हळीतून नेमकं तिच्या बुडाशी पडत होतं. माती बसत होती आणि तिच्याबरोबर खोलीही बसत होती, घरापासून सुटत होती. सुतारबाबा लाकडातले वाकबगार, पण मातीशी त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. "मूळ घराला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "त्याचा पाया वेगळा आहे, तो मी पाहिला. पण ही खोली राहणार नाही. उतरवावी लागेल, आणि पन्हळ दुसरीकडे वळवावी लागेल."

टकटकरावांनी मग पहिल्यांदा त्या भिंतीवर टकटक केली. बद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा बद्द. त्यांचा चेहरा बघवेना. आपला नवरा एवढा म्हातारा दिसतो, हे काकूंच्या त्या दिवसापर्यंत लक्षात आलं नव्हतं. टकटकरावांनी त्या टेबलावर एकदा हात फिरवला, पिशवी उचलली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चल. नको हे घर."

जन्मभर ऐकलेलं ते वाक्य. काकूंचा हात आपोआप पर्सकडे गेला. आणि मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसल्या.

"शंकाबाई," त्या म्हणाल्या, "तू सांग गं. घ्यावं हे घर की नाही?"

शंकाबाई चपापली. "काकू, ते आम्ही नाही सांगत. काय आहे ते आम्ही सांगतो. ठरवायचं तुम्ही. सरांनीच शिकवलंय."

"हो ना? सरांनीच शिकवलंय," काकू म्हणाल्या आणि टकटकरावांकडे वळल्या. "अहो, आतल्या खोलीतून तुमचं हे मी हजारदा ऐकलं. दारात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, ठरवायचं तुम्ही. मलाच तेवढं कधी नाही सांगितलं. मला नुसतं 'नको' म्हणालात. मला वाटायचं, घरंच वाईट आहेत सगळी. आज कळलं, घरं वाईट नव्हती. दोष सगळ्यांत होते. दोष नसलेलं घर कुठे असतं? आपलं लग्न तरी कुठे तसं आहे?"

सुतारबाबा खोकले. शंकाबाई पाणसळ पिशवीत घालू लागली, बाहेर काढू लागली, पुन्हा घालू लागली.

"ही खोली उतरेल," टकटकराव म्हणाले.

"उतरू दे. मला खोली नव्हती हवी, तुम्हाला हवी होती. टेबल पुढच्या खोलीत लावू. बसेल का हो बाबा ते तिथे?"

"टेबल मी स्वतः हलवून देतो," सुतारबाबा लगबगीने म्हणाले. "खाचांसकट. आणि खोली उतरवायचा खर्च किमतीतून वजा. मला झोप नाही लागायची नाहीतर."

"झालं तर मग," काकू म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही मला आयुष्यभर करून दाखवलंत. आज खरंच वाकडं निघालं, तर मला नाचायचंय. घर घ्यायचं."

टकटकरावांनी उचललेली पिशवी खाली ठेवली. मग शंकाबाईकडे वळले आणि म्हणाले, "पन्हळ माझ्या नजरेतून सुटली नसती. एरवी."

"हो सर. एरवी नसती सुटली."

"चांगलं काम केलंस," ते म्हणाले, आणि नाक पुसायला म्हणून बाहेर गेले.

घर झालं. मागची खोली उतरली, पन्हळ वळली, टेबल पुढच्या खोलीत भिंतीला लागलं आणि टकटकरावांची हत्यारं आयुष्यात पहिल्यांदा पिशवीबाहेर राहायला आली. सामान येऊन पडलं त्या सकाळी काकूंनी खोके बाजूला सारले, ट्रंक उघडली आणि गलबत बाहेर काढलं. निळं पाणी थोडं फिकट झालं होतं. शीड मात्र लालभडक. पुढच्या खोलीत टेबलासमोरच्या भिंतीशी त्या स्टुलावर चढल्या, एका हातात हातोडा आणि दातांत खिळा.

"थांब थांब!" टकटकराव धावत आले. "तिथे मागून तार गेलेली असेल! आधी मला बघू दे."

काकूंनी दातांतला खिळा काढला आणि बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. "बघा," त्या म्हणाल्या. "काय आहे ते सांगा. मारायचा की नाही, ते मी ठरवीन."

टकटकरावांनी बोट दुमडलं आणि भिंतीवर टकटक केली. कान लावला. थोडं डावीकडे टकटक, थोडं वर टकटक. काकू स्टुलावर वाट बघत उभ्या होत्या.

"तार डावीकडून गेली आहे," ते शेवटी म्हणाले. "इथे भिंत भरीव आहे. गिलावा एका ठिकाणी जरासा सुटलाय, खिळा मारलास तर थोडा पडेल." एवढं बोलून ते थांबले. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, काकूंना तो दिसला. त्यांनी तो गिळला.

"ठरव तू," टकटकराव म्हणाले, आणि स्टूल हलू नये म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी धरलं.

काकूंनी खिळा टेकवला आणि हातोडा मारला. थोडा गिलावा टकटकरावांच्या डोक्यावर पडला.